स्वयंसेवी संस्थेचे संकेतस्थळ लोकांपर्यंत कसे पोहोचवावे

संस्थेचे संकेतस्थळ तयार होते, त्यावर उद्दिष्टे, विश्वस्तांची नावे, कार्यक्रमांची छायाचित्रे आणि वार्षिक अहवाल चढवले जातात, ओळखीच्या सर्वांना दुवा पाठवला जातो आणि त्यानंतर कित्येक महिने संस्थेच्याच माणसांखेरीज तिकडे कोणी फिरकत नाही. जाहिरातीला पैसे नाहीत म्हणून असे झाले, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. पण मूळ अडचण बहुधा त्याआधीची असते. संकेतस्थळ रचलेले असते संस्थेला स्वतःविषयी जे सांगायचे आहे त्याभोवती, आणि लोक इंटरनेटवर येतात ते आपली अडचण किंवा आपला प्रश्न घेऊन. प्रसाराचे बरेचसे काम हे अंतर कमी करण्याचे आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत धरू या. समजा, एक संस्था स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींची घरी काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांसाठी काम करते. ती दूरध्वनीवरून सल्ला देते, काळजीवाहकांचे गट चालवते आणि लोकांच्या देणग्यांवर उभी आहे. तुमच्या संस्थेचे क्षेत्र वेगळे असले तरी कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

कोणी यावे आणि येऊन काय करावे

पहिल्या बैठकीत संगणक उघडण्याची गरज नाही. संकेतस्थळावर कोणकोणत्या प्रकारची माणसे यायला हवीत आणि त्यांतल्या प्रत्येकाने तेथे येऊन कोणती एक कृती करावी, हे कागदावर लिहून काढावे. उदाहरणातल्या संस्थेकडे मदत शोधणारा मुलगा किंवा सून येईल आणि तिने सल्लाकेंद्राला फोन करावा, अशी अपेक्षा असेल. देणगीदार येईल आणि त्याने देणगी द्यावी, स्वयंसेवक होऊ इच्छिणारा येईल आणि त्याने नावनोंदणी करावी, पत्रकार किंवा अनुदान देणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी येईल आणि त्याला हिशेब, नोंदणीचा तपशील व संपर्क चटकन मिळावा. या चौघांना एकाच मुखपृष्ठावर आणून सोडले तर चौघेही गोंधळतात. म्हणून प्रत्येकासाठी वेगळे पान असावे आणि प्रसार करताना त्याच पानाचा दुवा द्यावा. मुखपृष्ठाचा दुवा सर्वत्र वाटत राहणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे आणि ती सुधारायला एक पैसाही लागत नाही.

यानंतर शब्दांचा प्रश्न येतो. संस्थांच्या लिखाणात सक्षमीकरण, क्षमताबांधणी, समग्र दृष्टिकोन, भागधारक असे शब्द भरपूर असतात, कारण प्रकल्प-प्रस्तावांत तीच भाषा चालते. रात्री दोन वाजता वडील घराबाहेर पडण्याचा हट्ट धरून बसले असताना फोन हाती घेणारी मुलगी मात्र ‘वडील रात्री झोपत नाहीत, घर ओळखत नाहीत, काय करावे’ असे लिहून शोधते. ‘काळजीवाहकांसाठी मनोसामाजिक आधार कार्यक्रम’ या मथळ्याचे पान तिला सापडणार नाही, आणि सापडले तरी ते आपल्यासाठी आहे हे तिच्या ध्यानात येणार नाही. लोकांचे शब्द मिळवण्याची उत्तम जागा संस्थेतच असते. सल्लाकेंद्रावर फोन घेणाऱ्या व्यक्तीला महिनाभर एक वही ठेवायला सांगावे आणि फोन करणाऱ्याचे पहिले वाक्य, नाव-गाव न लिहिता, जसेच्या तसे उतरवून घ्यावे. शोधयंत्राच्या पेटीत दोन-तीन शब्द लिहिल्यावर खाली आपोआप येणाऱ्या सूचना आणि कोणते शब्द किती शोधले जातात हे दाखवणारे गूगल ट्रेंड्स यांचाही उपयोग होतो, पण त्या वहीची सर त्यांना नाही.

आधी घर नीट करावे

लोकांना बोलावण्यापूर्वी संकेतस्थळाची तांत्रिक स्थिती तपासणे आवश्यक आहे. पत्ता एचटीटीपीएसने (https, म्हणजे सुरक्षित जोडणीची खूण) सुरू होतो का, हे आधी पाहावे. नसेल तर ब्राउझर संकेतस्थळ सुरक्षित नसल्याचा इशारा दाखवतात, आणि असा इशारा असलेल्या पानावर कोणीही देणगी देणार नाही. गूगल मुख्यतः संकेतस्थळाचे मोबाइलवर दिसणारे रूप वाचून त्याची नोंद घेते, त्यामुळे मोठ्या पडद्यावर सुंदर दिसणारे पण फोनवर अक्षरे बारीक होणारे पान शोधातही मागे पडण्याची शक्यता असते. वेग मोजण्यासाठी पेजस्पीड इनसाइट्स हे मोफत साधन आहे. पानावरचा मुख्य मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांच्या आत दिसावे, बोट लावल्यावर पानाने २०० मिलीसेकंदांच्या आत प्रतिसाद द्यावा आणि पान उघडताना मजकूर वर-खाली सरकण्याचे मोजमाप ०.१ पेक्षा अधिक नसावे, असे गूगलचे निकष आहेत. संस्थांच्या संकेतस्थळांवर वेग मंदावण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कॅमेऱ्यातून थेट चढवलेली अवजड छायाचित्रे. ती लहान करून चढवली की निम्मे काम होते.

सुलभतेकडेही याच वेळी पाहावे. दृष्टिहीन वाचकांचे साधन वाचून दाखवू शकेल असे वर्णन प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला द्यावे, अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील रंगभेदाचे प्रमाण किमान ४.५ : १ ठेवावे आणि महत्त्वाची माहिती केवळ चित्रात कोरून ठेवू नये. कार्यक्रमाची तारीख, वेळ व स्थळ फक्त भित्तिपत्रकाच्या चित्रात असेल, तर ती दृष्टिहीनांना मिळत नाही आणि शोधयंत्रालाही नीट वाचता येत नाही. वार्षिक अहवाल पीडीएफमध्ये ठेवायला हरकत नाही. मात्र त्यातली मुख्य माहिती साध्या पानावरही असावी.

देणगीचा अर्ज स्वतः एकदा फोनवरून भरून पाहावा आणि संस्थेबाहेरच्या एखाद्या वयस्कर व्यक्तीलाही भरायला सांगावा. अर्जातल्या प्रत्येक रकान्यासमोर ‘ही माहिती आपण कशासाठी घेतो’ असे विचारून, ज्याचे उत्तर मिळत नाही तो रकाना काढून टाकावा. माणूस देणगी द्यायचे ठरवून येतो आणि अर्जाच्या लांबीमुळे परत जातो, हे नुकसान कोणत्याही जाहिरातीने भरून निघत नाही.

शोधयंत्रातून येणारी माणसे

समाजमाध्यमांवर टाकलेली नोंद एक-दोन दिवसांत मागे पडते, तर शोधात चांगल्या जागी आलेले पान वर्षानुवर्षे माणसे आणत राहते. लहान संस्थेने आपला बहुतांश वेळ येथेच द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम गूगल सर्च कन्सोलवर, म्हणजे आपले संकेतस्थळ गूगलच्या शोधात कसे दिसते हे मालकाला दाखवणाऱ्या सेवेवर, संकेतस्थळाची मालकी सिद्ध करावी. ही सेवा विनामूल्य आहे. तेथे संकेतस्थळाचा साइटमॅप, म्हणजे त्यावरील पानांच्या पत्त्यांची यादी, सादर करता येतो. एका साइटमॅप फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, त्यामुळे संस्थेला एक फाइल पुरून उरते. त्यानंतर कामगिरीच्या अहवालात लोकांनी कोणते शब्द लिहिल्यावर आपली पाने दिसली, किती वेळा दिसली, किती जणांनी क्लिक केले आणि सरासरी क्रमांक काय होता, हे मागच्या १६ महिन्यांपर्यंतचे पाहता येते. हा अहवाल महिन्यातून एकदा शांतपणे वाचावा. जे पान पुष्कळदा दिसते पण क्वचितच उघडले जाते, त्याचा मथळा लोकांच्या प्रश्नाशी जुळत नाही, असे बहुधा आढळते. जे शब्द लिहून लोक येत आहेत आणि ज्यांवर आपले वेगळे पानच नाही, ते शब्द म्हणजे पुढच्या लेखाचे विषय होत.

एका प्रश्नाला एक पान, हा साधा नियम पाळावा. ‘आमच्या सेवा’ या एका पानावर दहा परिच्छेद लिहिण्यापेक्षा ‘स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती घराबाहेर निघून जात असेल तर’, ‘आंघोळीला नकार देत असेल तर’, ‘डॉक्टरांकडे जाताना कोणत्या नोंदी न्याव्यात’ अशी स्वतंत्र पाने असावीत. प्रत्येक पानाच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांतच थेट उत्तर द्यावे आणि तपशील पुढे द्यावा. पानाचा मथळा वेगळा आणि नेमका असावा. शोधाच्या निकालात मथळ्याखाली दिसणाऱ्या वर्णनामुळे क्रमांक वाढत नाही, पण ते वाचूनच माणूस क्लिक करायचे की नाही हे ठरवतो. म्हणून तेही काळजीपूर्वक लिहावे. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची, म्हणजे लोक शोधताना लिहितील अशा शब्दांची, लांबलचक यादी घालण्याचा सल्ला अजूनही काही जण देतात. वेबशोधाच्या क्रमवारीसाठी आपण ती यादी वापरत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. त्यावर वेळ किंवा पैसा घालवू नये.

आरोग्य, कायदा आणि पैसा या विषयांवरील मजकुराबाबत शोधयंत्रे विश्वासार्हतेला विशेष महत्त्व देतात, आणि ते योग्यच आहे. लेख कोणी लिहिला, कोणत्या तज्ज्ञाने तपासला आणि शेवटचा केव्हा सुधारला, हे पानावर स्पष्ट असावे. येथे संस्थेचे पारडे मुळातच जड आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांना जे बारकावे ठाऊक असतात, ते इकडून तिकडून माहिती गोळा करून लिहिणाऱ्याकडे नसतात. घराच्या दाराला आतून कडी लावण्याऐवजी काय केले म्हणजे व्यक्ती चिडत नाही, हे दहा कुटुंबांबरोबर बसलेल्या समाजसेविकेलाच सांगता येते. तिला लिहिण्याची सवय नसेल तर तिच्याशी अर्धा तास बोलावे, संभाषण तिच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे आणि त्यावरून लेख तयार करावा. शोधयंत्रे आता पुष्कळदा उत्तराचा सारांश निकालाच्या पानावरच देतात आणि वाचक क्लिक न करता निघून जातो. अशा वेळीही कामाचा अनुभव असलेला, नेमका मजकूरच उपयोगी पडतो. शिवाय संस्थेचे नाव आणि मदतीचा दूरध्वनी क्रमांक मजकुरातच लिहिलेला असावा, केवळ पानाच्या तळाशी नसावा.

लोक एकाहून अधिक भाषांत शोधत असतील तर प्रत्येक भाषेचे पान वेगळ्या पत्त्यावर ठेवावे आणि यांत्रिक भाषांतर जाणकाराने तपासल्याशिवाय प्रसिद्ध करू नये.

आणखी एक धोका येथेच सांगायला हवा. संकेतस्थळाचे नूतनीकरण करताना पानांचे पत्ते बदलतात, जुने दुवे तुटतात आणि अनेक वर्षांत मिळालेले स्थान काही आठवड्यांत जाते. नवे संकेतस्थळ सुरू होण्यापूर्वी जुन्या सर्व पत्त्यांची यादी करून प्रत्येक जुना पत्ता त्याच्या जुळणाऱ्या नव्या पत्त्याकडे ३०१ प्रकारच्या कायमच्या पुनर्निर्देशनाने (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणाऱ्या सोयीने) वळवावा आणि ही व्यवस्था किमान वर्षभर, शक्य तर कायम ठेवावी. काम देताना ही अट करारातच लिहून घ्यावी.

इतरांच्या संकेतस्थळांवरील दुवे

विश्वासार्ह संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणारे दुवे माणसेही आणतात आणि शोधातील स्थानही सुधारतात. व्यापारी कंपन्यांना असे दुवे मिळवायला बरीच खटपट करावी लागते. संस्थेला ते मागता येतात, कारण देणाऱ्यालाही त्यात समाधान असते. सहकारी संस्था, अनुदान देणारे न्यास, विद्यापीठांचे संबंधित विभाग, ग्रंथालये, रुग्णालयांची माहितीपाने, व्यावसायिक संघटना आणि ज्यांनी आपल्याविषयी बातमी छापली पण दुवा दिला नाही अशी वृत्तपत्रे यांची यादी करावी. मग सर्वांना एकच परिपत्रक न धाडता, त्यांच्या कोणत्या पानावर आपले कोणते पान वाचकाच्या उपयोगी पडेल, हे नेमके सांगणारे चार ओळींचे पत्र प्रत्येकाला लिहावे. ‘आपल्या संकेतस्थळावर आमचा दुवा द्यावा’ या विनंतीला क्वचितच उत्तर येते. ‘आपल्या वृद्धसेवांच्या पानावरील अमुक दुवा बंद पडला आहे, त्याजागी आमचे हे पान वाचकांच्या उपयोगी पडेल’ या पत्राला येते.

पैसे घेऊन शेकडो दुवे मिळवून देणाऱ्यांपासून दूर राहावे. क्रमांक वाढवण्यासाठी दुवे विकत घेणे गूगलच्या स्पॅमविरोधी धोरणात बसत नाही आणि त्याची शिक्षा संकेतस्थळाला होते. विकिपीडियाबाबतही संयम हवा. तेथील बाह्य दुव्यांवर नोफॉलो ही खूण असते, म्हणजे शोधातील स्थानासाठी त्यांचा भरवसा धरता येत नाही, आणि स्वतःच्या संस्थेविषयी स्वतःच लेख लिहिणे तेथील हितसंबंधविषयक संकेतांच्या विरुद्ध आहे. लेख आधीच असेल व त्यात चूक असेल, तर आपली ओळख सांगून चर्चापानावर दुरुस्ती सुचवावी.

गूगल ॲड ग्रँट्सचा उपयोग

गूगल ॲड ग्रँट्स ही स्वयंसेवी संस्थांना गूगलवर मोफत जाहिराती देणारी योजना २००३ मध्ये सुरू झाली आणि तिच्याविषयी अपुरी माहिती असल्याने अनेक संस्था एकतर अर्जच करत नाहीत, किंवा मिळालेली संधी वाया घालवतात. पात्र संस्थेला दरमहा १०,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच्या जाहिराती गूगल शोधात विनामूल्य दाखवता येतात. ही रक्कम रोख मिळत नाही, न वापरलेला भाग हाती येत नाही आणि एका दिवसाची मर्यादा सुमारे ३२९ डॉलर असते. जाहिराती केवळ मजकुराच्या असतात आणि पैसे देणाऱ्यांच्या जाहिरातींच्या खाली दिसतात. सरकारी संस्था, रुग्णालये आणि शाळा-महाविद्यालये या योजनेत बसत नाहीत. शैक्षणिक संस्थांचे धर्मादाय विभाग मात्र बसू शकतात. आधी गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स या गूगलच्या संस्थांसाठीच्या कार्यक्रमात नोंदणी करावी लागते. योजना आपल्या देशात उपलब्ध आहे का आणि कोणती कागदपत्रे लागतात, हे तेथेच कळते.

मंजुरीनंतर नियम पाळावे लागतात आणि बहुतेक खाती तेथेच अडखळतात. जाहिरात जितक्या वेळा दिसते त्याच्या किमान ५ टक्के वेळा तिच्यावर क्लिक व्हायला हवे. सलग दोन महिने हे प्रमाण गाठले नाही तर खाते तात्पुरते बंद होऊ शकते. जाहिरात कोणत्या शोधाला दिसावी हे ठरवणारे कीवर्ड एका शब्दाचे चालत नाहीत. संस्थेचे स्वतःचे नाव, मान्यताप्राप्त आजारांची नावे आणि आणखी थोडे अपवाद सोडले आहेत. त्यामुळे उदाहरणातल्या संस्थेला ‘स्मृतिभ्रंश’ हा एकच शब्द वापरता येईल, पण ‘मदत’ किंवा ‘देणगी’ हे वापरता येणार नाहीत. फार ढोबळ शब्द आणि १ किंवा २ इतका कमी गुणवत्ता-गुण (जाहिरात व पान शोधाशी किती जुळते याला गूगलने दिलेला गुण) असलेले कीवर्डही ठेवता येत नाहीत. जाहिरात कोणत्या भूभागात दाखवायची हे ठरवून द्यावे लागते, जाहिरातीखालील जोडदुवे, म्हणजे संकेतस्थळाच्या इतर पानांकडे नेणारे दुवे, किमान दोन असावे लागतात आणि संकेतस्थळावर प्रत्यक्ष कृती किती झाल्या याची मोजणी चालू असावी लागते. एका क्लिकची बोली, म्हणजे त्यासाठी मोजायची कमाल रक्कम, २ डॉलरपेक्षा जास्त लावता येत नाही. मात्र कृतींची संख्या वाढवण्याच्या स्वयंचलित बोलीपद्धती वापरल्यास ही मर्यादा लागू होत नाही, आणि सामान्यतः तोच मार्ग बरा.

महिन्याचे सगळे १०,००० डॉलर संपवणे हे ध्येय ठेवू नये. रक्कम खर्ची पडावी म्हणून ढोबळ शब्द घातले की क्लिकचे प्रमाण घसरते आणि आलेली माणसे लगेच परत जातात. त्याऐवजी प्रत्येक गरजेसाठी शब्दांचा एक छोटा गट करावा, त्या गटाला साजेशी जाहिरात लिहावी आणि तिचा दुवा नेमक्या त्याच पानाकडे न्यावा. नको असलेल्या शब्दांची यादीही तितकीच महत्त्वाची आहे. ‘स्मृतिभ्रंश’ शोधणाऱ्यांत निबंध लिहिणारे विद्यार्थी असतात, चित्रपट शोधणारे असतात आणि नोकरी शोधणारेही असतात. त्यांचे शब्द वगळले की उरलेली जाहिरात खरोखर गरज असलेल्यांना दिसते. प्रत्यक्ष शोधलेल्या शब्दांचा अहवाल दर आठवड्याला पाहून ही यादी वाढवत न्यावी. संकटात सापडलेल्या माणसाला जाहिरातीतून आपल्या पानावर आणायचे आणि तो पहिली ओळ वाचण्याआधीच देणगी मागणारी चौकट त्याच्यासमोर उभी करायची, हे मात्र करू नये. मदतीच्या पानांवरून ती चौकट काढूनच टाकावी.

ईमेल

समाजमाध्यमावरचे अनुयायी त्या कंपनीच्या मर्जीवर असतात. ईमेलची यादी संस्थेची स्वतःची असते. ती विकत घेऊ नये, दुसऱ्या संस्थेकडून मागून आणू नये आणि कार्यक्रमाच्या हजेरीपत्रकावरून परस्पर तयार करू नये. नाव नोंदवणाऱ्याला पुष्टीचा ईमेल पाठवून त्याने होकार दिल्यावरच नाव यादीत घ्यावे. यादी हळू वाढते, पण जे येतात ते टिकतात.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, ईमेल खरोखर आपल्याकडूनच आला आहे हे पटवणाऱ्या तिन्ही नोंदी डोमेनवर (संकेतस्थळाच्या नावावर) कराव्या लागतात, एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवावे लागते. लहान संस्था इतके ईमेल पाठवत नाहीत, तरीही या नोंदी करून घ्याव्यात, कारण त्यांच्यावाचून पावत्या आणि आभाराची पत्रेही स्पॅममध्ये जाऊ शकतात.

वार्तापत्रात सहा विषय आणि अकरा दुवे भरण्यापेक्षा एका पत्रात एक गोष्ट सांगावी आणि एकाच पानाचा दुवा द्यावा. पत्राखाली व्यक्तीचे नाव असावे आणि त्याला उत्तर देता यावे. उत्तर स्वीकारत नाही असा पत्ता वापरणे संस्थेला शोभत नाही. देणगी मागणाऱ्या पत्रांपेक्षा, आधी दिलेल्या देणगीतून काय झाले हे सांगणारी पत्रे अधिक असावीत. किती जणांनी पत्र उघडले या आकड्यावर फार विसंबू नये. ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयता-व्यवस्थेनंतर तो आकडा फुगलेला दिसतो. दुव्यावर किती जण गेले आणि किती जणांनी उत्तर लिहिले, हे अधिक खरे.

समाजमाध्यमे आणि छायाचित्रांतली माणसे

सर्व माध्यमांवर खाती उघडून ती ओस पाडण्यापेक्षा, आपली माणसे जेथे खरोखर आहेत अशी एक-दोन माध्यमे निवडावीत. दुवा पाठवल्यावर दिसणारे चित्र, मथळा व वर्णन पानाच्या कोडमधल्या ओपन ग्राफ नावाच्या खुणांनी ठरते. १२०० गुणिले ६३० पिक्सेलचे चित्र बहुतेक ठिकाणी नीट दिसते. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला जाणारा संदेश मूळ संदर्भाशिवाय फिरत राहतो, म्हणून त्यात संस्थेचे नाव, तारीख आणि पानाचा दुवा असलाच पाहिजे. चित्रफितींना उपशीर्षके द्यावीत, कारण अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्गच नसतो.

ज्यांच्यासाठी संस्था काम करते त्यांची छायाचित्रे वापरण्याबाबत मात्र सविस्तर बोलायला हवे. मदत घेताना दिलेली संमती मोकळी नसते; नकार दिला तर मदत बंद होईल अशी भीती मनात असू शकते. त्यामुळे संमती मदतीच्या वेळी न घेता, नंतर, वेगळ्या व्यक्तीने घ्यावी. छायाचित्र कोठे दिसेल, किती काळ राहील आणि कोणीही ते पाहू शकेल, हे त्यांच्या भाषेत समजावून सांगावे आणि शक्य असेल तर तयार पान दाखवूनच होकार घ्यावा. ज्यांची निर्णयक्षमता क्षीण झाली आहे अशांच्या बाबतीत, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या रुग्णांच्या बाबतीत, कुटुंबाचा होकार असला तरी त्या व्यक्तीला स्वतःला हे चित्र जगासमोर आलेले आवडले असते का, हा प्रश्न विचारावा आणि शंका असेल तर चित्र घेऊ नये. लहान मुलांच्या चित्रासोबत खरे नाव, शाळा किंवा ठिकाण देऊ नये. फाइलमध्ये दडलेली स्थळाची नोंदही पुसावी. दिलेली संमती कधीही मागे घेता येते. म्हणून कोणते चित्र कोठे कोठे वापरले आहे याची नोंद ठेवली तरच ते काढता येईल. केविलवाण्या चेहऱ्यांनी देणगी कदाचित लवकर येते, पण ज्यांचे ते चेहरे आहेत त्यांना आपले संकेतस्थळ अभिमानाने उघडता आले पाहिजे.

काय मोजावे, काय मोजू नये

पानाला किती जणांनी भेट दिली, हा आकडा विश्वस्तांना आवडतो, पण त्यावरून निर्णय घेता येत नाहीत. सुरुवातीच्या कागदावर लिहिलेल्या चार कृती किती वेळा झाल्या, हेच मोजावे. संकेतस्थळावरील वर्दळ मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये अर्ज पूर्ण भरणे, देणगी पूर्ण होणे आणि दूरध्वनी क्रमांकावर बोट लावणे या घटना नोंदवता येतात. ॲनालिटिक्सची जुनी युनिव्हर्सल आवृत्ती जुलै २०२३ मध्ये बंद झाली असल्याने तिच्यावर आधारलेल्या जुन्या सूचना वापरू नयेत. पत्रातून, संदेशातून किंवा सहकारी संस्थेकडून आलेले लोक ओळखू यावेत म्हणून दुव्याच्या शेवटी यूटीएम खुणा, म्हणजे माणूस कोठून आला हे सांगणारे शब्द, जोडाव्यात. स्रोत, माध्यम आणि मोहीम यांची नावे एकाच पद्धतीने लिहिली गेली नाहीत तर अहवालात एकाच गोष्टीचे चार तुकडे होतात, म्हणून नावांचा तक्ता आधीच ठरवावा. आणि जे फोन करतात त्यांना ‘आमच्याविषयी कोठून कळले’ हे विचारण्याची जुनी रीत सोडू नये.

काही गोष्टी मात्र मोजूच नयेत. व्यसनमुक्ती, कौटुंबिक हिंसा, मानसिक आजार किंवा गंभीर दुखणे यांविषयीच्या पानांवर जाहिरात कंपन्यांचे मागोवा घेणारे पिक्सेल, म्हणजे वाचकाची नोंद त्या कंपन्यांना कळवणारे कोडचे छोटे तुकडे, लावू नयेत. असे पान वाचणाऱ्याच्या मागे त्याच विषयाच्या जाहिराती घरातल्या सामाईक संगणकावर फिरू लागल्या, तर मदत शोधणारी व्यक्ती उघडी पडते आणि प्रसंगी धोक्यातही येते. हिंसेविषयीच्या पानावर चटकन बाहेर पडण्याचे बटण असावे. व्यक्तीची ओळख पटेल अशी माहिती ॲनालिटिक्सकडे पाठवणे गूगलच्याच नियमांत बसत नाही. अर्जातले नाव किंवा ईमेल पानाच्या पत्त्यात तर उमटत नाही ना, हे तपासून घ्यावे.

कामाची वाटणी

एकच माणूस आणि आठवड्याचे चार तास एवढेच हाती असतील, तर पहिल्या महिन्यात सर्च कन्सोल, अर्ज आणि छायाचित्रांचे आकार उरकावेत, दुसऱ्या महिन्यापासून दर पंधरवड्याला एका प्रश्नावर एक पान लिहावे आणि अशी दहा-बारा चांगली पाने तयार झाल्यावरच ॲड ग्रँट्ससाठी अर्ज करावा, कारण त्याआधी जाहिरातीला नेण्यासारखी जागाच नसते. शोधातला बदल दिसायला काही महिने लागतात, हे विश्वस्तांना सुरुवातीलाच लेखी कळवावे. नाहीतर तिसऱ्याच महिन्यात काम थांबवले जाते.

डोमेन, होस्टिंग (संकेतस्थळ जेथे साठवले आहे ती सेवा), सर्च कन्सोल, जाहिरात खाते, ईमेल सेवा आणि समाजमाध्यमे यांची मालकी कोणा स्वयंसेवकाच्या वैयक्तिक ईमेलवर नसावी, संस्थेच्या पत्त्यावर असावी. प्रत्येक ठिकाणी किमान दोन जणांना व्यवस्थापकाचे अधिकार असावेत, दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खात्री) चालू असावी आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख कार्यालयाच्या दिनदर्शिकेत लिहिलेली असावी. मुदत उलटून गेलेले डोमेन दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो, आणि मग इतरांनी दिलेले सगळे दुवे, छापलेली सगळी पत्रके आणि देणगीदारांनी जपून ठेवलेला पत्ता त्या अनोळखी माणसाच्या पानाकडे जातो. एखादी व्यक्ती संस्था सोडून जाते तेव्हा तिच्याकडून कपाटाची किल्ली घेतली जाते. त्याच दिवशी या खात्यांवरील तिचे अधिकारही काढून घ्यावेत आणि तसे केल्याची नोंद बैठकीच्या इतिवृत्तात करावी.